खंबाटकीत आचके, कोड १६६८७ आणि माझे चार नवे प्लग

घाटवेडा, पुणे (सिंहगड रोड) · शुक्रवार, रात्री ११:५२

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय. अर्धवट माहिती दिली की तुम्ही आधी शिव्या घालता आणि मग प्रश्न विचारता, हे मी इतकी वर्षं बघतोय. म्हणून सगळं एकदाच सांगून टाकतो.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, २० व्हॉल्व्हवाली, २००६ ची. १ लाख ३१ हजार किलोमीटर. माझ्याकडे सहावं वर्ष. पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओच्या रांगेत उभं राहून तिची आरसी पुढे वाढवून घेतलीय, त्यामुळे "विकून टाक" हा सल्ला कृपया नको.

दिवाळीचा बोनस हातात आला आणि गेल्या रविवारी पार्किंगमध्येच मांडी घालून बसलो. बाबा खुर्ची टाकून शेजारी. एका हातात पेपर, दुसऱ्या हातात टॉर्च. सकाळी नऊ ते दुपारी तीन एवढ्यात बसवलेलं सामान असं:

लाल डोक्याच्या कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देतात त्या), ज्या ऑडी आर८ ला येतात त्या. या इंजिनावर थेट बसत नाहीत, म्हणून खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. ऑनलाइन मागवल्या. चार प्लग, एनजीकेचे बीकेआर७ई, नाना पेठेतून. हवेचा कोन फिल्टर आणि त्याचा पाइप. आणि मग बुधवारी स्टेज-१ मॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये ताकद वाढवणारी नवी फाइल. मूळ १५० पीएस, आता कागदावर १९०.

गुरुवारी गाडी अशी पळाली की ऑफिसला मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेलो. आज साताऱ्याला काम होतं. खंबाटकीचा चढ, तिसरा गिअर, पुढे एक ट्रक. त्याला मागे टाकायला पाय पूर्ण दाबला आणि २,७०० च्या आसपास गाडीने असे आचके दिले की मला वाटलं मागून कोणी धडकलं. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. पाय काढला, दिवा स्थिर झाला. पुन्हा दाबला, पुन्हा आचके. बाकीचा घाट ट्रकच्या मागून, त्याचा धूर खात चढलो. हळू चालवली तर मात्र लोण्यासारखी.

संध्याकाळी मित्राची केबल आणि लॅपटॉप आणून व्हीसीडीएस (गाडीचे कोड वाचायचं सॉफ्टवेअर) लावलं:

१६६८४ (म्हणजे पी०३००, कुठल्याही सिलिंडरला मिसफायर, पेट्रोल न जळणं)
१६६८७ (म्हणजे पी०३०३, तिसरा सिलिंडर)
१७५४४ (म्हणजे पी११३६, आयडलिंगला मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी)

ब्लॉक ०३२ (ट्रिम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय-घटवतोय ते) मध्ये पहिला आकडा +९.१ टक्के, दुसरा +६.३. ब्लॉक ०१५ आणि ०१६ म्हणजे सिलिंडरवार मिसफायरची मोजणी. आयडलिंगला दहा मिनिटं बघत बसलो, चारही शून्य. मग नवले पुलापलीकडे एक चक्कर मारली. तिसऱ्यात जोर लावला की तिसऱ्या सिलिंडरचा आकडा १४, मग ३१, मग ५२. बाकीचे दोन-तीनच्या वर नाहीत.

त्यानंतर मी एक शहाणपणा केला. तिसऱ्याचं सगळं काढून दुसऱ्यात घातलं, दुसऱ्याचं तिसऱ्यात. कोड पुसले, चक्कर मारली. आता १६६८६. म्हणजे दुसरा सिलिंडर!

मला तर कॉइलच बोगस वाटतेय. विकणारा म्हणतो, एकदा बसवलेला माल परत घेत नाही, आणि दोष मॅपचा असणार. मॅपवाला म्हणतो, हार्डवेअर बघा. फिल्टर ज्याच्याकडून घेतला तो म्हणतो, पेट्रोल बदला. कुठून सुरुवात करू?

टाकीफुल्ल, ठाणे · शनिवार, सकाळी ७:१०

पेट्रोलच आहे. माझ्या गाडीला गेल्या पावसाळ्यात असंच झालं होतं, पंपाच्या टाकीत पाणी. टाकी रिकामी कर, शंभर ऑक्टेन भर, एक बाटली इंजेक्टर क्लीनर टाक. कॉइल-बिइलच्या मागे लागू नकोस.

टॅपेटकाका, कोल्हापूर · शनिवार, सकाळी ८:३५

घाटवेड्या, आधी शाबासकी. आकडे दिलेस. निम्मी मंडळी "गाडी झटके मारते, काय करू" एवढंच लिहितात आणि गायब होतात.

टाकीफुल्लसाहेब, तुमच्या गाडीत पाणी असेल, वाद नाही. पण पेट्रोल खराब असतं तर ते चारी सिलिंडरांत जातंय. ते तिसऱ्यावरच कशाला रुसेल? आणि जागा बदलल्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात कशाला जाईल?

आता तू जो शहाणपणा म्हणतोयस तो खरंच अर्धा शहाणपणा आहे. कोड तिसऱ्यातून दुसऱ्यात गेला, म्हणजे तिसऱ्याचा इंजेक्टर, वायरिंग, कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह हे सगळे सुटले. मोठं काम झालं. पण कॉइल आणि प्लग दोन्ही एकदम हलवलेस, त्यामुळे दोघांतला चोर कोण ते कळायचं राहिलं. आता फक्त कॉइलची अदलाबदल कर. प्लग आहेत तिथेच. कोड पुसायचे, तोच चढ, तोच गिअर, तेवढाच पाय. कोड दुसऱ्यातच राहिला तर प्लग, कॉइलबरोबर तिसऱ्यात परत गेला तर कॉइल. पाच रुपये खर्च नाही. सिलिंडर मोजताना टायमिंग बेल्टकडून मोज. आपल्याकडे ड्रायव्हरच्या बाजूचा तो १ नंबर. हे सांगतोय कारण दुसऱ्या टोकाकडून मोजून चांगली कॉइल फेकून देणारे मी पाहिलेत.

आयडलिंगला शून्य आणि जोर लावला की धडाधड, याचा अर्थ नीट समजून घे. प्लगच्या फटीत ठिणगी उडवायला किती व्होल्टेज लागणार हे सिलिंडरमधल्या दाबावर असतं. आयडलिंगला दाब नसतो, जेमतेम कॉइलसुद्धा ठिणगी पाडते. टर्बो भरला की दाब वाढतो, व्होल्टेज जास्त लागतं, आणि वीज सोपी वाट शोधते. फट जास्त असेल, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला तडा असेल, कॉइलचं रबर फाटलं असेल, तर ती तिथूनच पळते. म्हणून तुझा मॅप निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण एकाच सिलिंडरला होतंय म्हटल्यावर मॅपने आजार दिला नाही, फक्त उघड केला असं धरून चाल. मूळ दाबावर हीच वस्तू कदाचित सहा महिने कुरबूर न करता चालली असती.

प्लग काढशील तेव्हा हे बघ. डबी जपून ठेवली असलीस तर नंबर वाच. बीकेआर७ई वेगळा आणि त्याच्यापुढे "-११" लिहिलेला वेगळा. ते ११ म्हणजे १.१ मिलिमीटर फट. काउंटरवर घाईत कुठलाही मिळतो आणि टर्बोमध्ये १.१ म्हणजे आमंत्रणच. साधा ७ई डबीतून ०.८ ला येतो. मॅप केलेल्या १.८ टी ला आम्ही ०.७ ठेवतो. फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्टीने) मोज, डोळ्याने नाही. एनजीकेत आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं. त्यामुळे कोणी "सातच्या जागी सात घे" म्हणून बॉश हातात ठेवला तर घेऊ नकोस.

टॅपेट कव्हरवर (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावर) कॉइलच्या वायरिंगची तपकिरी अर्थिंगची वायर येते. पट्ट्या बसवताना ती काढली असशील. परत लावलीस का, आणि खाली रंग खरवडलास का? शिवाय त्या पट्ट्यांवर कॉइल पूर्ण खाली बसल्यात का ते बघ. बोटाने दाबल्यावर एखादी दोन मिलिमीटर खाली जात असेल तर तिचं रबर प्लगवर पुरतं चढलेलंच नाही.

तिसरा कोड, १७५४४, तो मी वेगळा काढतो. तू सगळं एका गाठोड्यात बांधलंयस. मिसफायर झाला की न जळलेली हवा सायलेन्सरकडे जाते, ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो. त्यामुळे मिसफायरनेही ट्रिम वर जाऊ शकते, हे खरं. पण तुझा मिसफायर आयडलिंगला शून्य आहे, आणि ब्लॉक ०३२ चा पहिला आकडा आयडलिंगचाच असतो. मिसफायर नसताना तिथे +९ म्हणजे हवा कुठून तरी चोरून आत येतेय. आयडलिंगला एकूण हवाच थोडी, त्यामुळे लहानसं भोकही मोठं दिसतं. रेस दिल्यावर तेच भोक नगण्य होतं.

म्हणजे गाडीत दोन दुखणी आहेत. तू या आठवड्यात चार कामं केलीस, त्यातल्या दोन कामांनी प्रत्येकी एक दिलं असणार.

आणि दिवा लुकलुकत असताना पाय दाबू नकोस. ते कच्चं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. आतली जाळी वितळली की मग पीयूसी काढायला गेल्यावर कळतं.

घाटवेडा · शनिवार, सकाळी ९:०२

काका, डबी आहे, "-११" नाही, साधा ७ई. फट मोजली नव्हती. दुकानदार म्हणाला, "फॅक्टरी सेट आहे साहेब, बिनधास्त टाका." तपकिरी वायर लावली, पण रंग खरवडायचं डोक्यातच आलं नाही. नाश्ता झाला की बोनेट उघडतो. आज घरचे माझ्याशी फारसं बोलत नाहीत, त्यामुळे वेळ भरपूर आहे.

द्राक्षबागाईत, नाशिक · शनिवार, सकाळी १०:४७

यात माझा अनुभवही टाकतो. घाटवेड्याशी संबंध नाही, पण पुढे कोणी हा धागा शोधत आलाच तर कामाला येईल.

माझ्या गाडीला क्लच बदलताना मूळचं जड, दोन तुकड्यांचं फ्लायव्हील (क्रँकला जोडलेलं चाक) काढून हलकं एका तुकड्याचं टाकलं. दोन दिवसांनी १६६८४, १६६८५, १६६८८. आज पहिला, उद्या चौथा, परवा कोणीच नाही. आणि तेही फक्त आयडलिंगला आणि कमी वेगात. जोर लावला की गाडी घड्याळासारखी. प्लग बदलले, कॉइल बदलल्या, एका कसारा फेरीत तर इंजेक्टरही धुऊन आणले. तीन आठवडे आणि बराच पैसा गेला.

मग एका जुन्या मेकॅनिकने विचारलं, गाडी प्रत्यक्षात थरथरते का? मी म्हटलं, नाही. तो हसला. म्हणाला, ईसीयूला सिलिंडरच्या आतलं काही दिसत नाही. तो फक्त क्रँकच्या सेन्सरकडे कान लावून बसलेला असतो. क्रँकवर साठ दात, त्यातले दोन गाळलेले. प्रत्येक स्फोटाने दात किती वेगाने पुढे गेले ते तो मोजतो. एखादा धक्का कमी पडला की मिसफायर लिहितो. जड फ्लायव्हील छोटेमोठे धक्के पोटात घेतं. हलकं घेत नाही. त्यामुळे निरोगी इंजिनाची नेहमीची हालचालही त्याला मिसफायर वाटते.

आयडलिंग थोडं वर घेतलं आणि मॅपवाल्याने मिसफायर मोजणीची मर्यादा नव्या फ्लायव्हीलप्रमाणे लावून दिली. इंजेक्टर धुतल्याचं बिल अजून फाइलमध्ये आहे.

घाटवेड्याची केस उलटी आहे. एकच सिलिंडर, तोही जोरात असताना, आणि आचके खरेच. हे खोटं नाही.

घाटवेडा · शनिवार, दुपारी २:२०

काका, रिपोर्ट.

फक्त कॉइलची अदलाबदल केली. चढ मात्र खंबाटकीचा नाही, कात्रजचा जुना घाट. तिसरा गिअर, २,५०० पासून. कोड दुसऱ्यातच राहिला. १६६८६. म्हणजे कॉइल सुटली! कालपासून ज्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या तो कॉइलवाला निर्दोष निघाला. त्याला माफीचा मेसेज करावा की नाही, या विचारात आहे.

मग प्लग काढले. फट फिलरने मोजली. तिघांची ०.८. उरलेल्या प्लगची, म्हणजे जो आधी तिसऱ्यात होता आणि आता दुसऱ्यात आहे त्याची, ०.७ सुद्धा शिरेना. मला वाटलं होतं फट जास्त निघेल, ही तर कमी निघाली!

चारही प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर, षटकोनी भागाच्या थोडं वर, तपकिरी डागाचं एक वलय दिसतंय. सगळे गळतायत का? चारही फेकू?

अर्थिंगखालचा रंग खरवडला. खाली खरंच हिरवट थर होता.

टॅपेटकाका · शनिवार, दुपारी ३:०५

ते तपकिरी वलय सोड. जास्त व्होल्टेजमुळे आजूबाजूचे तेलाचे कण चिनी मातीला चिकटतात, त्याचा तो डाग. चांगल्या प्लगवरही येतो. वलय आडवं असतं आणि सगळीकडे सारखं असतं. तू शोध उभी रेघ. पेन्सिलीच्या टोकाने काढल्यासारखी बारीक, काळी, वरच्या टोकापासून खाली धातूपर्यंत जाणारी. ती वीज पळाल्याची वाट. बाहेर नसेल तर खालच्या बाजूने, इलेक्ट्रोडभोवतीच्या पांढऱ्या नाकावर बघ. तडा केसाएवढा असतो, बोटाला लागत नाही. प्लग कोरडा पूस, उन्हात धर आणि फिरव. फिरवताना एका कोनात चमकेल.

आणि तीन प्लग ०.८ आणि एक ०.७ च्याही आत, हे कारखान्यात होत नाही. बाहेरचा इलेक्ट्रोड आत दबलाय. खरं सांग, तो प्लग पडला होता का? किंवा पाना तिरका करून ओढलास? या इंजिनात प्लग खोल विहिरीत असतो. लांब एक्स्टेन्शन जरा कललं की माती तडकते, आणि आवाजसुद्धा येत नाही.

हवेच्या चोरीसाठी आता पंक्चरवाल्याची युक्ती कर. कोन फिल्टर आणि एअर मास मीटर (आत जाणारी हवा मोजतो तो) काढून ठेव. टर्बोकडे जाणाऱ्या पाइपच्या तोंडाला मापाचं पीव्हीसीचं टोपण बसव, त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह घाल, क्लँप आवळ. पायाच्या पंपाने हवा भर. अर्ध्या बारच्या वर अजिबात जाऊ नकोस, क्रँकचे सील बाहेर येतील. मग साबणाचं पाणी ब्रशने सगळ्या नळ्यांवर लाव. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ परत आत नेणाऱ्या) ज्या नळ्या आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहेत त्या विसरू नकोस. वरून दिसत नाहीत म्हणून सगळे त्याच विसरतात. वीस वर्षांचं रबर तिथे गरम होऊन होऊन बिस्किटासारखं झालेलं असतं.

कार्ब क्लीनर फवारून रेस वाढते का बघायची पद्धत लोक सांगतील. गरम टर्बोशेजारी ती करू नकोस.

टाकीफुल्ल · शनिवार, संध्याकाळी ६:१८

ठीक आहे, पेट्रोल नाही. पण शंभर ऑक्टेनने गाडी छान पळते हे मी मागे घेत नाही.

घाटवेडा · रविवार, रात्री ९:४०

सापडलं. दोन्ही.

प्लग उन्हात फिरवला. पहिल्या दोन फेऱ्यांत काही नाही. मग बाबांचं वर्तमानपत्र वाचायचं भिंग आणलं. चिनी मातीवर, षटकोनाच्या वर, एक तिरकी केसाएवढी रेघ, आणि तिथून वर काळी बारीक उभी वाट. काकांनी लिहिली होती अगदी तशी. कॉइलच्या रबराच्या आत, त्याच जागी, राखाडी ओरखडा. म्हणजे वीज तिथून बाहेर येऊन थेट धातूवर उतरत होती आणि जोर लावला की आत ठिणगीच नाही.

भिंग परत द्यायला गेलो तर बाबा म्हणाले, "तोच का रे? जो पडला होता?"

मी म्हटलं, कुठला पडला होता?

"त्या दिवशी फरशीवर टणकन वाजला नाही का? मी विचारलं, काय पडलं. तू म्हणालास, काही नाही, आणि पुसून लावलास."

आता आठवतंय. तेव्हा साडेबारा वाजले होते, हाताला तेल, आणि प्लग बोटांतून निसटला होता. टोकावर पडला असणार, म्हणून फट दबली. मी उचलला, पँटला पुसला आणि विहिरीत सोडला. घरात साक्षीदार होता आणि मी दोन दिवस ऑनलाइन दुकानदाराशी भांडत होतो.

आज नाना पेठेतली बरीच दुकानं बंद होती, पण एक उघडं मिळालं. नवीन चार घेतले, कारण बाकी तिघांवरही माझा विश्वास उरला नव्हता. सगळे ०.७ ला आणले. धागे कोरडे, टॉर्क रेंच लावून ३० न्यूटन मीटर. ज्या कॉइलच्या रबरात ओरखडा होता तिचं रबर बदललं, नाहीतर म्हणे नवा प्लगही त्याच वाटेने जातो.

पीव्हीसीचं टोपण हार्डवेअरवाल्याकडे मिळालं. व्हॉल्व्ह आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने फुकट दिला, वर कशासाठी हवाय ते विचारून स्वतःच बघायला आला. मी पंप मारतोय, तो साबण लावतोय, बाबा टॉर्च धरून. वरच्या सगळ्या जोडांवर एकही बुडबुडा नाही. माझ्या नव्या पाइपचे क्लँपही घट्ट. मग पंक्चरवाल्याने हात खाली घातला आणि म्हणाला, "साहेब, इथं दूध उकळतंय."

मॅनिफोल्डच्या खालची ब्रीदरची नळी. वाकते तिथे उभी फाटलेली, दोन बोटं लांब. बाहेर काढली तर हातातच तिचे तीन तुकडे झाले. नवा इनटेक पाइप बसवताना मी त्याच बाजूने कोपर घालून ओढाताण केली होती, आणि त्या बिचारीने तेव्हाच जीव सोडला असणार. तात्पुरती तेलाला चालणारी नळी मापाने कापून, दोन क्लँप मारून बसवलीय. मूळ नळी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसकट मागवली.

संध्याकाळी पुन्हा खंबाटकी. मुद्दाम गेलो, पेट्रोल जळालं तर जळालं. तिसरा गिअर, पूर्ण पाय, ब्लॉक ०१५ आणि ०१६ बाजूला बसलेल्या मित्राच्या मांडीवर. चारही शून्य, घाट संपेपर्यंत. मित्र तिकडे आकडे वाचायचे सोडून सीट धरून बसला होता.

ब्लॉक ०३२ आता आयडलिंगला +१.६. पण दुसरा आकडा, चालतानाचा, +५.८ च आहे. कोड नाही. हे काय आहे? तिसरं दुखणं तर नाही ना?

टॅपेटकाका · रविवार, रात्री १०:१५

वडिलांना माझा नमस्कार सांग. पुढच्या कामाला टॉर्च त्यांच्याकडेच दे.

+५.८ ला मी हात लावणार नाही. ई२० पेट्रोल भरतोयस ना? शुद्ध पेट्रोलला १ भागाला हवा लागते १४.७. दहा टक्के इथेनॉलला साधारण १४.१. वीस टक्के झालं की साडेतेराच्या जवळ. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त. ई१० वरून ई२० वर गेलास की चार-एक टक्के तिथेच गेले, आणि ते ट्रिममध्ये दिसणारच. मॅपवाल्याला विचार, फाइल कुठल्या पेट्रोलवर बनवलीय. उरलेले एक-दोन टक्के तुझ्या कोन फिल्टरचे धर. एअर मास मीटरचा हिशोब मूळच्या पाइपच्या व्यासावर असतो, पाइप बदलला की तो जरा हलतो. फिल्टर तेल लावायचा असेल तर तेल बेताने लाव, त्या मीटरच्या सेन्सरवर उडालं की मग रीडिंग खरंच बिघडतं. ब्लॉक ००३ मध्ये पूर्ण जोरात किती ग्रॅम येतात ते एकदा लिहून ठेव. मूळ १५० पीएसची गाडी साधारण १२० ग्रॅम प्रति सेकंद दाखवते. तुझी १५० च्या वर जायला हवी.

ट्रिम दहाच्या पुढे गेली तरच परत ये. त्याआधी इंजिनखाली बसून पेट्रोलच्या सगळ्या जुन्या रबरी नळ्या हाताने चाचपून बघ. त्या गाडीचं रबर इथेनॉलच्या या प्रमाणासाठी बनवलेलं नाही. कडक लागली किंवा पेट्रोलचा वास आला की बदल, टेप गुंडाळू नकोस.

आणि त्या कॉइलवाल्याला मेसेज कर.

घाटवेडा · रविवार, रात्री १०:३१

केला. त्याने अंगठा पाठवलाय.